तीनदा खोललं, तरी पार्किंगमध्ये डाग तसाच

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. पेट्रोल हॅचबॅक, ११ वर्षं जुनी, ९२,००० किलोमीटर झालेली, रोज कासारवडवली ते ऐरोली जाऊन-येऊन. आठ महिन्यांत एकाच गॅरेजात तीनदा ऑइल गळतीचं काम झालं. पहिल्यांदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग, दुसऱ्यांदा चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, काढून शेलॅक लावून परत बसवला, तिसऱ्यांदा क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीची ऑइल अडवणारी रबरी कडी. मिळून १४,००० रुपये गेले. दर वेळी पंधरा दिवस कोरडं, मग नाशिकची एक फेरी झाली की गाडीखाली पुन्हा डाग. आता गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, ४५,००० होतील. वर सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगच्या टाइल्सवरून नोटीस लावलीये. इंजिन उतरवू की गाडी विकून टाकू, असा तुमचा प्रश्न.

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

मी २७ वर्षं या कामात आहे. आधी वागळे इस्टेटमध्ये उस्तादाच्या हाताखाली, नंतर कळव्याला स्वतःचं गॅरेज. गाडी न बघता छातीठोक निदान सांगणाऱ्याचा मला राग येतो, त्यामुळे अमुकच बिघडलंय असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही तिन्ही बिलांचे तपशील दिलेत हे फार बरं केलंत. त्या बिलांमध्येच बरंच काही लपलंय.

तिसरं बिल पुन्हा काढा. ‘क्रँक सील बदलला, मजुरी १,८००.’ गाडी सकाळी दहाला दिली आणि दुपारी चारला मिळाली. आता क्रँकला सील दोन असतात. एक पुलीच्या बाजूचा. बेल्ट आणि पुली काढली की समोर येतो. दुसरा गिअरबॉक्सच्या बाजूचा. त्याच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं, आणि सगळं परत चढवायचं. १,८०० रुपयांत आणि सहा तासांत, मध्ये जेवणाची सुट्टी धरून, हे काम आमच्याकडे कोणी करत नाही. म्हणजे बदलला तो पुलीकडचा. आणि तुम्ही लिहिता थेंब पडतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. बरोबर दुसऱ्या टोकाला! दुखतंय एका गुडघ्यात आणि पट्टी दुसऱ्याला.

मात्र हे वाचून लगेच ‘मग गिअरबॉक्स उतरवा’ असं कोणाला सांगू नका. इथेच निम्मे मेकॅनिक फसतात, मीही फसलोय. ऑइल जिथून सुटतं तिथे पडत नाही. ते खाली ओघळतं, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून सुटलेला ओघळ इंजिनच्या पाठीमागून उतरत उतरत नेमका त्या सांध्यावर येतो आणि तिथून ठिबकतो. खालून टॉर्च मारणाऱ्याला तो हुबेहूब क्रँक सीलसारखा दिसतो. ऑइल प्रेशर स्विच त्या बाजूला असला तर त्याचंही तसंच. म्हणून आमच्यात नियम आहे की ओलं कुठवर आहे ते खालून नाही, वरून बघायचं. सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे उगम. खालचं सगळं नदीचं पात्र.

पण आठ महिन्यांचा चिकटा, त्यावर घोडबंदर रोडची धूळ, अशा इंजिनवर वरची ओली जागा कोणाला दिसणार? तुमच्या तिन्ही बिलांत एक ओळ नाही, ती म्हणजे इंजिन वॉशिंग. तीन कामं झाली, पण इंजिन एकदाही धुतलं नाही. याचा अर्थ तिन्ही वेळा अंदाजाने खोललं.

तर पहिलं काम हे. कॉइल, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने नीट झाकून, इंजिन गार असताना, डिग्रीझर आणि ब्रशने धुवून घ्यायचं. प्रेशरच्या पाण्याचा फवारा अंगावर मारून नव्हे. तसं केलं की दुसऱ्या दिवशी मिसफायर, म्हणजे झटके मारणारी गाडी घेऊन माझ्याकडेच याल. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून तेही पुसायचं. या कव्हरात जुनं ऑइल साठलेलं असतं आणि ते दुरुस्तीनंतरही आठवडाभर ठिबकत राहतं. कधी कधी काम चोख झालेलं असतं आणि गिऱ्हाईक त्या शिळ्या थेंबांवरून भांडायला येतं. मग गाडी कोरडी करून दोन दिवस नेहमीसारखी चालवायची आणि पुन्हा वरून खाली बघायचं. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली तरी ओघळाची रेघ स्पष्ट उमटते. तरीही समजलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा डाय मिळतो. तो टाकून शंभरेक किलोमीटर चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. गळती हिरवट-पिवळी पेटल्यासारखी दिसते, वाद संपतो. नव्या गॅरेजवाल्याने ‘डाय काय करायचाय, मला अनुभव आहे’ असं म्हटलं तर चहा पिऊन तिथून निघा.

घरी तुम्ही एवढं करा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढची चाकं कुठे येतात ते पेनाने लिहून ठेवा. सकाळी डागाची जागा आणि रंग बघा. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल असू शकतं. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे आपला सगळा तपासच चुकीच्या पेटीत चाललाय. हे मी उगाच सांगत नाही. सांध्याखालचा थेंब गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्याच्या सीलचाही असू शकतो, आणि तीन बिलांत तो कोणी वास घेऊन बघितल्याचं दिसत नाही.

डागाला घाबरू नका, तो असतो त्याहून मोठा दिसतो. साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. रात्रीत शंभर थेंब पडले तरी ते पाचच मिली, महिन्याला दीडशे. महिन्याला ऑइल मोजायच्या काडीवरची पातळी त्याहून खूप जास्त उतरत असेल, तर उरलेलं ऑइल जळतंय. ते दुखणं निराळं.

आता मला ज्याचा खरा संशय आहे ते सांगतो. तीन वेगवेगळ्या जागा, तिन्ही दुरुस्त झाल्या, तिन्ही वेळा पंधरा दिवस बरं आणि मग हायवेची फेरी झाली की पुन्हा गळती. एकाच इंजिनाचे तीन सांधे आठ महिन्यांत पाठोपाठ म्हातारे होत नाहीत. आतून कोणीतरी ढकलत असावं.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. तो तिथे कोंडू नये म्हणून ब्रीदर असतो. पेट्रोल इंजिनात इनटेकची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेची ओढ पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून हा वायू खेचून घेते आणि परत जाळते. हा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप चिकट्याने बुजला की कुकरची शिटी अडकल्यासारखं होतं. वाफ मग झाकणाच्या रबरातून फुसफुसते. तुम्ही रबर बदलत बसता, आणि शिटीकडे कोणी बघत नाही. नवं पॅकिंग मऊ असतं म्हणून काही दिवस तग धरतं. मग कसारा घाट चढताना इंजिनवर ताण येतो, ब्लो-बाय वाढतो आणि जो सांधा त्या दिवशी सगळ्यात कच्चा असेल तिथून ऑइल बाहेर येतं. रोजच्या वापरात हा चिकटा कसा जमतो तेही सांगतो. मानपाडा ते माजिवडा तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, इंजिन बराच वेळ नुसतं आयडलिंगला आणि ऑइल बदलायची तारीख किलोमीटरवर मोजलेली. मीटरवर ८,००० दिसतात, पण इंजिन त्याच्या दीडपट राबलेलं असतं. ठाण्यातल्या गाडीचं ऑइल मी महिन्यांवर बदलतो, किलोमीटरवर नाही.

हे मला उस्तादाने शिकवलं, तेही माझी लाज काढून. तेव्हा काळी-पिवळी म्हणजे पद्मिनीच. एका टॅक्सीचा मागचा क्रँक सील मी दोनदा बदलला, दोन्ही वेळा गिअरबॉक्स खाली. तिसऱ्यांदा टॅक्सीवाला आला तेव्हा उस्तादाने हातातला चहा बाजूला ठेवला, ब्रीदरचा पाइप उपटला आणि त्यातून चिंधीचा बोळा काढून माझ्या हातावर ठेवला. एअर फिल्टरमध्ये ऑइल येतंय म्हणून कोणीतरी पाइपच बुजवून टाकला होता. त्या आठवड्यात माझ्या पगारातून एक सील कापला गेला.

तुमच्या गाडीवर ही तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण उघडायचं आणि त्या तोंडावर पातळ पॉलिथिनची पिशवी हलकेच धरायची. बेल्ट आणि पंख्यापासून हात, ओढणी, केस लांब. पिशवी किंचित आत ओढली गेली तर ब्रीदर श्वास घेतोय. फुगून वर उडाली तर आत दाब कोंडलाय. झाकण उघडल्यावर इंजिन थोडं अडखळलं तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तसं होतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह वेगळा काढता येत असेल तर तो कानाशी हलवायचा, खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे. मुका असेल तर बदला. बहुतेक गाड्यांचा तो काही शेकड्यांत येतो. काही इंजिनांत तो टॅपेट कव्हरच्या आतच असतो, मग अख्खं कव्हर घ्यावं लागतं.

नवा व्हॉल्व्ह लावून आणि पाइप साफ करूनही पिशवी फुगत राहिली, तरच रिंगांवर संशय घ्यायचा. तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी करून चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर मागायचे. आकडे एकमेकांच्या जवळ असतील, मागून निळा धूर नसेल आणि ऑइल जळत नसेल, तर ४५,००० रुपयांचं इंजिन उतरवणं कशासाठी, हे गॅरेजवाल्यालाच विचारा. गळतीसाठी इंजिन उतरवतात ते क्वचित, आणि तेव्हाही ‘कुठून’ हे माहीत झाल्यावर.

तिसऱ्या बिलात मला आणखी एक दिसलं. ऑइल ३.५ लिटर, म्हणजे अख्खा डबा. तुम्हीच मॅन्युअल बघून लिहिलंय की फिल्टरसह ३.१ लागतं. शिवाय ड्रेन केल्यावरही आत थोडं जुनं राहतंच. म्हणून काडी मॅक्सच्या वर दिसते. जास्तीचं ऑइल क्रँकच्या फटकाऱ्यात घुसळलं जातं, त्याचे तुषार आणि फेस होतो आणि तो ब्रीदरवाटे बाहेर धावतो. गाडी सपाट जागेवर, सोसायटीच्या उतारावर नव्हे, दहा मिनिटं बंद ठेवून काडी बघा आणि जास्तीचं काढून घ्या. उरलं म्हणून ओतलं, ही डब्याची काटकसर इंजिनाला परवडत नाही.

आता दुसरं बिल. गळतीपेक्षा मला या बिलाची जास्त काळजी वाटते.

‘चेंबर शेलॅक’ म्हणजे सिलिकॉन. वस्तू वाईट नाही. अनेक इंजिनांत चेंबरला कागदी पॅकिंग नसतंच, कंपनीतूनच सिलिकॉनची रेघ मारलेली असते. पण ती रेघ तीनेक मिलिमीटरची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या अंगाने फिरवलेली, आणि दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे स्वच्छ आणि कोरडे. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही आणि तेलकट धातूवरही धरत नाही. लावल्यावर ते पूर्ण पिकायला साधारण २४ तास लागतात. तुमची गाडी त्याच दिवशी संध्याकाळी ऑइल भरून दिली. ओल्या सिमेंटवर पाणी ओतल्यासारखं झालं ते. घाईत लावणारा भीतीपोटी जास्त लावतो. बोल्ट आवळला की अर्धं बाहेर येतं, जे तुम्हाला दिसतं आणि ‘भरपूर लावलंय’ म्हणून बरंही वाटतं. उरलेलं अर्धं आत दबतं, जे कोणालाच दिसत नाही. आतल्या त्या शेवया गरम ऑइलमध्ये सुटतात आणि ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो त्या जाळीवर जाऊन बसतात.

दोन वर्षांपूर्वी नवी मुंबईची, एमएच-४३ पासिंगची एक गाडी टोइंगवर आली होती. तक्रार एवढीच की गरम झाली की आयडलिंगला लाल ऑइल दिवा लुकलुकतो. आधीच्या गॅरेजने सेन्सर बदलून दिला होता. दिवा काही दिवस गप्प बसला आणि मग इंजिन ठोकायला लागलं. चेंबर खाली घेतला तर जाळी निम्म्याहून जास्त काळ्या सिलिकॉनने माखलेली. बेअरिंगं गेलेली. गळती होती तेव्हा ती गाडी महिन्याला पाव लिटर ऑइल पीत होती, बास. दुरुस्तीने तिचं इंजिन खाल्लं.

म्हणून गळतीचा उगम सापडो न सापडो, तुमच्या गाडीचा चेंबर एकदा नीट खाली घ्या. जाळी साफ करा. पत्र्याचा चेंबर असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर उचललेला असतो, आधीच्यांनी जोर लावून आवळल्यामुळे. तो सपाट लोखंडावर ठेवून हातोडीने हलकेच बसवायचा, नाहीतर कितीही सिलिकॉन लावा, दोन बोल्टांमध्ये फट राहणार. ब्लॉकची बाजू ॲल्युमिनियमची असेल तर तिथे लोखंडी स्क्रेपर घासू द्यायचा नाही. एक ओरखडा म्हणजे एक नवी वाट. ड्रेन बोल्टचा वायसर प्रत्येक ऑइल बदलाला नवा. वीस-तीस रुपयांच्या त्या वायसरपायी लोक बोल्ट आवळत राहतात आणि शेवटी चेंबरचे आटे जातात. तुमचे गेले असतील तर हेलिकॉइल टाकून आटे नवे करता येतात, चेंबर फेकायची गरज नाही.

टॅपेट कव्हर दुरुस्त करताना नुसतं पॅकिंग बदलून भागत नाही. हेड आणि टायमिंग कव्हर जिथे भेटतात त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा एक-एक ठिपका लागतो. पॅकिंग तिथे पायरीवरून जातं. तो ठिपका विसरला की नेमका कोपराच गळतो. बोल्ट छोटे असतात, साधारण १० न्यूटन-मीटरचे, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क पाना नसेल तर छोटा टी-पाना आणि नुसतं मनगट. हवेची गन या बोल्टांना लावताना कोणी दिसला तर त्याला तिथेच थांबवा. प्लगच्या विहिरींचे रबरी सील त्याच वेळी बदला. तिथे ऑइल उतरलं की कॉइल जाते आणि मग गाडी झटके मारते.

हे सगळं करूनही डायने बोट गिअरबॉक्सकडच्या क्रँक सीलकडेच दाखवलं, तर मात्र गिअरबॉक्स उतरवा. तेव्हा क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचा सील बघून घ्या, कारण मजुरी एकच पडते. सील अस्सल घ्या. कुर्ल्यापासून तुर्भ्यापर्यंत खोक्यात घातलेला नकली माल मिळतो आणि खोका अस्सलसारखाच असतो. जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडली असेल तर नवा सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवतात किंवा क्रँकवर स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ बाही चढवतात. काही नव्या पद्धतीचे पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचे सील कोरडेच बसवायचे असतात. सवयीने ऑइल लावून बसवले की तेही गळतात. मेकॅनिकला हे माहीत आहे का, एवढं गोड बोलून विचारा.

स्टॉप-लीकची बाटली नको. जाड ऑइल घालून थेंब कमी करायचा सल्लाही ऐकू नका. गळती थोडी मंदावेल, पण तुमच्या इंजिनाच्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठी बनल्यात.

जुन्या गॅरेजवाल्याशी भांडायला जाण्याआधी तीन बिलं, तारखा आणि पुठ्ठ्याचे फोटो एकत्र करा. शांतपणे दोनच प्रश्न विचारा: तिसऱ्या वेळी कोणत्या बाजूचा सील बदलला, आणि जुना सील कुठे आहे? माझा अनुभव असा की एवढ्यावर बरेच जण निम्मे पैसे किंवा पुढचं काम फुकट द्यायला तयार होतात. काम फुकट करून घ्यायला मात्र त्याच्याकडे परत जाऊ नका, पैसेच घ्या. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पुढच्या गॅरेजात काम देताना सुटे भाग कोणत्या बाजूचे ते बिलावर लिहून मागा आणि जुने भाग पिशवीत परत घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला मेकॅनिक ते स्वतःहून देतो.

गाडी विकायचं म्हणाल तर गळतीसकट विकलीत तर घेणारा याच गळतीकडे बोट दाखवून भाव पाडेल, आणि ती घट व्हॉल्व्ह-पॅकिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट असेल.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, पण दर रविवारी काडी बघा आणि बॉनेटखालून जळकट वास आला तर ऑइल एक्झॉस्टवर पडतंय का ते त्याच दिवशी दाखवा. तिथे आग लागू शकते. लाल ऑइल दिवा चालत्या गाडीत लागला, नुसता लुकलुकला तरी, ऐरोलीच्या पुलावर असा की गायमुखच्या चढाला, गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या, टोइंगवाल्याला फोन करा.